त्यांचं कमी पगारात भागतं, मग आपलं का नाही?

प्रश्न : मी चिंचवडला राहते. वय ३१, लग्नाला चार वर्षं झाली. आम्ही दोघंही खासगी कंपन्यांत नोकरी करतो. माझे ४८ हजार आणि यांचे ६४ हजार, असे महिन्याला १ लाख १२ हजार हातात येतात. फ्लॅटचा हप्ता ३८ हजार आहे. घरखर्च, येणंजाणं, सोसायटीचा मेंटेनन्स असं सगळं जाऊन महिनाअखेरीला सोळा हजारांच्या आसपास उरतात.

आता आम्ही मुलाचा विचार करतोय. मी वहीत पहिल्या पाच वर्षांची यादी केली. खासगी रुग्णालयातलं बाळंतपण १ लाख २० हजार. सहाव्या महिन्यापासून पाळणाघर, महिना ९ हजारांप्रमाणे ४ लाख ८६ हजार. डायपर, दूध, औषधं, लसी महिना ६ हजारांप्रमाणे ३ लाख ६० हजार. नर्सरी ते सीनियर केजी, वर्षाला ९० हजारांप्रमाणे २ लाख ७० हजार. कपडे, खेळणी, बारसं, वाढदिवस दीड लाख. बेरीज जवळजवळ १४ लाख, म्हणजे महिन्याला २३ हजार. एवढे आमच्याकडे उरतच नाहीत.

माझे मोठे दीर आणि जाऊबाई कराडजवळ गावी असतात. दिरांना साखर कारखान्यात ३४ हजार पगार आहे. जाऊबाई घरीच असतात. सासू-सासरे (सासरे निवृत्त शिक्षक) त्यांच्याजवळ. त्यांना दोन मुलं आहेत. मोठीला इंग्रजी शाळेत घातलंय, शाळेची व्हॅन लावलीय. या दिवाळीत धाकट्याचा वाढदिवस हॉल घेऊन केला. आम्हाला दरवर्षी तिथून गव्हाचं पोतंही येतं. आमच्या एक तृतीयांशही पगार नसताना हे कसं जमतं? हे म्हणतात, ‘दादाला पुढचा विचारच नाही.’ मला कधी ते पटतं, कधी वाटतं आपणच फार घाबरतो. सासूबाईंचं म्हणणं, ‘ज्यानं चोच दिली तो चारा देतो, वही काय घेऊन बसलीस?’

माझे प्रश्न तीन. कमी पैशात त्यांचं भागतं कसं? दुसऱ्याच्या घराचा असा हिशेब मांडणं चुकीचं आहे का? आणि मूल होऊ देण्याआधी नेमके किती पैसे हाताशी असावेत?

— एक वाचक, चिंचवड

उत्तर : ताई, दुसऱ्याच्या घरातला खर्च आपल्याला दिसतो, जमा दिसत नाही. तुमच्या तिन्ही प्रश्नांचं मूळ इथे आहे. शाळेची व्हॅन दारात येते म्हणून दिसते. वाढदिवसाला आपण स्वतः जेवून येतो. पण ते कुणाच्या पैशातून, कुणाच्या कष्टातून आणि कशावर पाणी सोडून झालं, हे कुणी सांगत नाही. आपल्याला कळतो तो फक्त पगाराचा आकडा, आणि तीच त्या घराची सगळी जमा आहे असं आपण धरून चालतो. तिथून पुढचा प्रत्येक हिशेब चुकतो.

त्यांचं भागतं कसं?

तुमच्या पत्रातच याचं बरंचसं उत्तर आहे. ‘सासरे निवृत्त शिक्षक’ हे तुम्ही कंसात लिहिलंत. ते जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेतून निवृत्त झाले असतील, तर त्या कंसात दरमहा येणारी पेन्शन आहे. ती दिरांच्या पगारात धरलेली नाही, पण त्याच घरात येते. नातीच्या शाळेची फी आजोबा भरत असतील, तर तुम्हाला ते कळायचं काही कारणही नाही.

दुसरी गोष्ट घराची. गावचं घर वडिलोपार्जित असणार. भाडं नाही, हप्ता नाही. तुमचा ३८ हजारांचा हप्ता दिरांच्या पूर्ण पगाराहून मोठा आहे. म्हणजे तुलना सुरू होण्याआधीच तुमच्या १ लाख १२ हजारांचे ७४ हजार झाले, आणि त्यांच्या ३४ हजारांत पेन्शन मिळवायची राहिली. ‘एक तृतीयांशही नाही’ हे अंतर इथेच पुष्कळ कमी होतं.

तिसरी गोष्ट ते गव्हाचं पोतं. उन्हाळ्यात गहू घरी येतो. अंगणात ताडपत्रीवर पसरून कडकडीत वाळवतात, चाळून-निवडून कडुनिंबाचा पाला घालून पत्र्याच्या पिंपात भरतात. वर्षभराची बेगमी होते आणि त्यातलंच एक पोतं चिंचवडला येतं. तुम्ही पिठाचं पाकीट विकत घेता तेव्हा त्याची नोंद तुमच्या वहीत होते. गावच्या पिंपातल्या गव्हाची नोंद कुठेच होत नाही. तो फुकटचा नाही. त्यामागे बियाणं, खत आणि मजुरीचा खर्च आहे. पण तो पगारातून महिन्याच्या महिन्याला जात नाही, म्हणून बाहेरून पाहणाऱ्याला तो खर्चच वाटत नाही.

चौथी गोष्ट बाळंतपणाची. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत अजून पुष्कळ घरांत आहे. सातव्या महिन्यात मुलगी माहेरी येते, बाळ तीन महिन्यांचं झालं की सासरी जाते. या काळातला दवाखाना, डिंकाचे लाडू, अळीव, मालिशवाली बाई, दुपटी-झबली, बाळंतविडा हा सगळा खर्च मुलीच्या आईवडिलांच्या खिशातून जातो. जावेची दोन्ही बाळंतपणं अशी झाली असतील, तर तुमच्या यादीतला १ लाख २० हजारांचा पहिला आकडा त्यांच्या घराला लागलाच नसेल. तो दुसऱ्या एका घराने, कदाचित पदरमोड करून, भरला असेल.

पाचवी गोष्ट सगळ्यांत मोठी. पाळणाघराचे ४ लाख ८६ हजार त्यांना लागले नाहीत, कारण ते काम घरात झालं. ते जाऊबाईंनी केलं, सासूबाईंनी केलं. देशात २०१९ साली वेळेच्या वापराची पाहणी झाली. घरातलं विनामोबदला काम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, पुरुषांची ९७ मिनिटं, असं आढळलं. बायकांचे जवळजवळ पाच तास रोज. मूल सांभाळण्याचा वेळ वेगळा, तो यात धरलेलाही नाही. जाऊबाई ‘घरीच असतात’ असं आपण सहज लिहून जातो. पण त्यांनी बाहेरची नोकरी केली नाही, म्हणून जी कमाई झाली नाही, तोही त्या घराचा खर्चच आहे. त्याची पावती मिळत नाही एवढंच.

आता जमेची ही बाजू पाहून ‘त्यांचं बरं आहे’ असंही म्हणू नका. न दिसणाऱ्या गोष्टी दोन्ही बाजूंना असतात. हॉलवरचा वाढदिवस भिशी लागली म्हणून झाला असेल. शाळेच्या प्रवेशासाठी पतसंस्थेचं कर्ज असेल, किंवा पाटल्या गहाण पडल्या असतील. दीर स्वतःसाठी काहीच घेत नसतील. यातलं खरं काय हे मला माहीत नाही, तुम्हालाही नाही. म्हणून ‘त्यांना पुढचा विचार नाही’ हे तुमच्या यजमानांचं वाक्य मला मान्य नाही. विचार नाही असं म्हणायला आधी त्यांचा विचार आपल्याला माहीत असावा लागतो.

आणि एक गोष्ट जरा कठोरपणे सांगते, रागावू नका. तुमच्या वहीत सासू-सासऱ्यांच्या नावाने किती खर्च आहे? पत्रावरून दिसतं, काहीच नाही. त्यांची औषधं, दवाखान्याच्या फेऱ्या, पथ्याचा स्वयंपाक, रात्रीबेरात्री उठणं हे सगळं कराडला होतं. तुम्ही दोघं चिंचवडला निर्धास्तपणे नोकरी करता, याला एक कारण जाऊबाई आहेत. आपल्या हिशेबाला दुसऱ्या घराचा टेकू असतो तो आपल्यालाही दिसत नाही. त्यांचं कमी पैशात कसं भागतं, हे विचारताना आपलं कुणामुळे भागतं, हेही विचारायला हवं.

दुसऱ्याच्या घराचा हिशेब मांडावा का?

कुतूहल असणं चुकीचं नाही. मूल ही अशी गोष्ट आहे की तिचा खर्च आधी करून पाहता येत नाही. मग माणूस आजूबाजूला पाहतो, आणि तसं पाहणं स्वाभाविक आहे. अर्थशास्त्रज्ञांनीही याची दखल घेतली आहे. अमेरिकेतल्या जेम्स ड्यूझेनबेरी यांनी १९४९ साली मांडलं की माणसाचा खर्च त्याच्या उत्पन्नावर जितका ठरतो, तितकाच तो कुणाबरोबर राहतो यावरही ठरतो. आपण ज्यांच्यात वावरतो त्यांच्या राहणीशी आपली राहणी नकळत बांधलेली असते.

मुलांच्या बाबतीत हा वाद पुढे १९६० साली चांगलाच रंगला. गॅरी बेकर, ज्यांना पुढे १९९२ साली नोबेल मिळालं, त्यांनी कुटुंबाच्या निर्णयांना अर्थशास्त्र लावून दाखवलं. त्यांचा एक मुद्दा तुमच्या उपयोगाचा आहे. श्रीमंत घरात मूल महाग पडतं असं आपण म्हणतो, पण तिथे मुलाची किंमत मुळातच जास्त नसते. ते घर मुलावर अधिक खर्च करायचं ठरवतं. ड्यूझेनबेरींनी त्यावर तिथल्या तिथे हरकत घेतली. ठरवतं म्हणजे काय? सुशिक्षित वर्गातल्या आईबापांना ‘मुलं जास्त होऊ दे, शिक्षण कमी देऊ’ असा पर्याय खरोखर मोकळा असतो का? त्यांच्या वर्तुळात ते कुणी मनातही आणत नाही. म्हणजे निवड आपण करतो, पण कशातून करायची ते आजूबाजूचे लोक आधीच ठरवून ठेवतात.

दोघांचंही थोडं थोडं खरं आहे. तुमच्या यादीतली वर्षाला ९० हजारांची नर्सरी तुम्ही निवडली आहे, हे बेकर सांगतील. ती तुमच्या सोसायटीत आणि तुमच्या ऑफिसात आधीच ठरलेली होती, हे ड्यूझेनबेरी सांगतील. १४ लाख ही मुलाची किंमत नाही. चिंचवडच्या त्या सोसायटीत, त्या वर्तुळात मूल कसं वाढवतात, त्या पद्धतीची ती किंमत आहे. कराडच्या आकड्याशी तिची तुलना होत नाही ती म्हणूनच.

चूक कुतूहलात नाही, ती निकाल देण्यात आहे. आणि निकाल देण्याची सवय आपल्याला लागलेली आहे. भारताने १९५२ साली कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, असा कार्यक्रम हाती घेणारा तो जगातला पहिला देश. पुढे त्याचं चिन्ह असलेला लाल त्रिकोण आणि दोन मुलांच्या घोषणा गावोगावच्या भिंतींवर आल्या. माहिती पोचली आणि बायकांच्या हाती साधनं आली, हा त्याचा फार मोठा फायदा झाला. पण त्याबरोबर एक भावनाही पसरली, की दुसऱ्याची मुलं मोजण्याचा आणि त्यांना ती परवडतात का हे ठरवण्याचा हक्क आपल्याला आहे. त्यातही ज्याचा पगार कमी त्याच्यावर बोट लवकर उठतं. लाखभर पगार असलेल्याने कर्ज काढून गाडी घेतली तर कुणी भुवई उंचावत नाही. हातावर पोट असलेल्याने मुलीचा वाढदिवस केला तर मात्र चर्चा होते.

आकडे पाहिले तर ही चर्चा बिनबुडाची ठरते. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात एका स्त्रीमागे सरासरी १.७ मुलं आहेत. लोकसंख्या आहे तेवढीच राहण्यासाठी साधारण २.१ लागतात. शहरापासून खेड्यापर्यंत पसरलेल्या राज्याची ही सरासरी आहे. विचार न करता एवढी घट होत नाही. लाखो घरांनी आपापला हिशेब मांडला, वहीत नसेल तर मनात मांडला, तेव्हा हा आकडा आला. तुमच्या दिरांचं घर त्यातलंच एक.

आणि निकाल दुसऱ्या दिशेनेही दिले जातात, हे तुम्हाला चांगलंच ठाऊक असेल. ‘दोघं कमावता, स्वतःचा फ्लॅट आहे, मग अडलंय कशाला?’ हे वाक्य तुम्ही चार वर्षांत किती जणांकडून ऐकलं असेल! त्यांनाही तुमचा पगार दिसतो, हप्ता दिसत नाही. त्यांचं म्हणणं तुम्हाला जसं बोचतं, तसंच ‘दादाला पुढचा विचार नाही’ हे त्या घराला बोचेल.

इथे मला र. धों. कर्वे आठवतात. त्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं, ते १९५३ साली त्यांच्या निधनापर्यंत. लोक त्यांना पत्रं लिहीत आणि ते मासिकातून उत्तरं देत. अशा उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यायालयात उभे राहिले. स्वतः कर्वे पतिपत्नींनी मूल होऊ द्यायचं नाही असं ठरवलेलं होतं. मूल कधी, किती आणि मुळात हवं का, हे त्या दोघांनी ठरवायचं, त्यातही ज्या बाईला ते पोटात वाढवायचं आहे तिने ठरवायचं, यासाठी त्या काळात एवढी किंमत मोजली गेली. तो हक्क आपण आपल्यासाठी मागतो. मग जावेलाही तो तेवढाच दिला पाहिजे.

नेमके किती पैसे हवेत?

आता तुमची वही उघडू. ‘चोच दिली तो चारा देतो’ या म्हणीत सासूबाईंच्या पिढीचा अनुभव आहे. त्या पिढीत चारा द्यायला घरात पुष्कळ हात होते. तुमच्याकडे दोघांचेच हात आहेत आणि दोघंही दिवसभर बाहेर. त्यामुळे वही घेऊन बसलात हे योग्यच केलंत. फक्त मांडणी थोडी बदलूया.

एर्न्स्ट एंगेल नावाच्या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ साली घरखर्चाचा अभ्यास करून दाखवलं की उत्पन्न वाढतं तसा खाण्यावर जाणारा वाटा कमी होतो. घरात माणूस वाढलं की खर्च नेमका किती वाढतो, हे मोजण्याची परंपराही त्यांच्यापासून सुरू होते. आज युरोपात यासाठी एक सोपं कोष्टक वापरतात: पहिला प्रौढ १, दुसरा प्रौढ ०.५, लहान मूल ०.३. तुमचं घर आज १.५ आहे, मूल आलं की १.८ होईल. म्हणजे राहणी तीच ठेवायची तर खर्च साधारण एक पंचमांशाने वाढतो. कारण घर, वीज, फ्रिज, गॅस यांत मूल वाटेकरी होतं, त्यासाठी दुसरा फ्रिज लागत नाही.

तुमचा हप्ता आणि शिल्लक सोडली तर घरखर्च ५८ हजार दिसतो. त्याचा पाचवा हिस्सा साडेअकरा हजारांच्या आसपास. तुमच्या यादीतून पाळणाघर वगळलं तर ९ लाख उरतात, म्हणजे महिना १५ हजार. हे कोष्टक आपल्याकडे तंतोतंत लागू होणार नाही, पण अंदाज येतो. तुमची यादी अवाजवी नाही. त्यात तीन-साडेतीन हजार हौसेचे आणि वर्तुळाच्या रीतीचे आहेत एवढंच. तुमच्या घरासाठी जड आकडा एकच आहे, पाळणाघर. म्हणजे तुमचा प्रश्न दुधाचा, कपड्यांचा किंवा खेळण्यांचा नसून मूल सांभाळणार कोण, हा आहे.

एक दिलासाही देते. सरकारच्या २०२३-२४च्या कुटुंब उपभोग खर्च पाहणीत शहरी भारतात माणशी महिना सरासरी खर्च ६,९९६ रुपये आढळला, ग्रामीण भागात ४,१२२. कर्जाचे हप्ते त्यात धरत नाहीत. तुम्ही दोघं आज हप्त्याशिवाय माणशी २९ हजार खर्च करता. शहर महाग आहे हे खरं, तरी तुमच्या खर्चात जागा आहे. ती शोधायला हवी.

त्यासाठी हे करा.

पहिलं, १४ लाख एकरकमी लागतात ही भीती काढून टाका. ते पाच वर्षांत पसरलेले आहेत. सुरुवातीला बाळंतपण, मग सहाव्या महिन्यापासून पाळणाघर, तिसऱ्या वर्षापासून शाळा. खरा ताण तिसऱ्या ते पाचव्या वर्षात येईल, कारण तेव्हा पाळणाघर आणि शाळा दोन्ही चालू असतील. तोवर तुमचे पगार थोडे वाढलेले असतील. वही महिन्याच्या हिशेबाने नव्हे, वर्षाच्या हिशेबाने मांडा.

दुसरं, येत्या महिन्यापासून २३ हजार वेगळ्या खात्यात टाका, जणू मूल झालंच आहे. आज सोळा हजार उरतात, तर सात हजार कुठून निघतात ते आपोआप कळेल. सहा महिन्यांत १ लाख ३८ हजार जमतील, म्हणजे बाळंतपणाचा खर्च हाताशी आला. आणि हे सहा महिने ओढाताण झाली नाही, तर तुम्हाला परवडतं का, याचं उत्तर तुमच्याच पासबुकात मिळेल. ओढाताण झालीच, तर नेमकी कुठे झाली तेही कळेल.

तिसरं, रजेची चौकशी आत्ताच करा. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली बदल झाला आणि पहिल्या दोन अपत्यांसाठी भरपगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. बाळंतपणाच्या आधीच्या बारा महिन्यांत किमान ८० दिवस काम झालेलं असावं लागतं. ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय करण्याची जबाबदारीही याच बदलाने मालकावर आली. तुमच्या कंपनीत ती आहे का, नसेल तर त्याऐवजी काय देतात, हे एचआरला ईमेलवर विचारा आणि लेखी उत्तर घ्या. नऊ हजारांचा सगळ्यांत मोठा आकडा याच एका उत्तराने हलू शकतो.

चौथं, आरोग्य विमा. कंपनीच्या गटविम्यात बाळंतपण धरलेलं आहे का आणि किती रकमेपर्यंत, ते पाहा. स्वतः काढलेल्या पॉलिसीत बाळंतपणासाठी बहुधा प्रतीक्षाकाळ असतो, म्हणून दिवस गेल्यावर धावपळ करून उपयोग होत नाही. सरकारी रुग्णालयाचा पर्यायही यादीतून खोडू नका. २०११ पासून तिथलं बाळंतपण, सिझेरियनसुद्धा, मोफत करण्याची योजना आहे. नाव कुठेही घाला, पण निदान एकदा जाऊन पाहून या.

पाचवं, वय. तुम्ही ३१च्या आहात, घाई नाही. पण पस्तिशीनंतर गर्भधारणेची शक्यता अधिक वेगाने घटते. ‘अजून थोडे पैसे साठू दे’ म्हणत दर वर्षी यादी नव्याने करण्याचीही एक किंमत असते आणि ती पैशात फेडता येत नाही. सहा महिन्यांची ही चाचणी संपली की त्यावर निर्णय घ्या. तो ‘हो’ असेल, ‘अजून दोन वर्षांनी’ असेल किंवा ‘नको’ असेल. तिन्ही निर्णय सारख्याच मानाचे आहेत.

आणि जाऊबाई?

त्यांच्याशी बोला. ‘तुम्हाला कसं परवडतं?’ असं मात्र विचारू नका. त्या प्रश्नात निकाल दडलेला असतो आणि समोरच्याला तो लगेच कळतो. त्याऐवजी विचारा, ‘पहिल्या वर्षी सगळ्यांत जड काय गेलं? काय विकत घेतलं आणि वापरलंच नाही? पुन्हा करायचं झालं तर काय वेगळं कराल?’ दोन मुलं वाढवलेल्या बाईकडे या प्रश्नांची जी उत्तरं असतात ती कुठल्याही सल्लागाराकडे नसतात. धाकट्याची झबली, दुपटी, पाळणा ठेवलाय का, हेही मोकळेपणाने विचारा. मागून घेण्यात कमीपणा नाही, आणि तुमच्या यादीतल्या दीड लाखांतला बराच भाग तिथेच वाचेल.

याच बोलण्यात सासू-सासऱ्यांचा विषय तुम्ही होऊन काढा. त्यांच्या औषधांचा खर्च आम्ही देतो, वर्षातला एखादा महिना ते आमच्याकडे राहू देत, जाऊबाईंना तेवढी उसंत मिळू दे, असं म्हणा. ते तुम्ही द्यायलाच हवं. तसं केलंत तर उद्या सासूबाई तुमच्याकडे बाळाला सांभाळायला येऊन राहिल्या, तेव्हा त्या दुसऱ्या घराकडून ओढून आणलेल्या नसतील.

शेवटी यजमानांना एक प्रश्न विचारा, तुमच्या वहीत तो कुठेच नाही. पाळणाघरातून दुपारी बारा वाजता फोन येईल की बाळाला ताप आलाय, घेऊन जा. तेव्हा ऑफिसातून कोण निघणार? प्रत्येक वेळी तुम्हीच निघणार असाल, तर दोन-तीन वर्षांत तुमच्या ४८ हजारांवर त्याचा परिणाम होईल, बढती हुकेल, कदाचित नोकरीच सोडावी लागेल. मग १४ लाखांचा तुमचा सगळा हिशेब कोलमडेल. आळीपाळीने निघायचं असेल तर ते आज, दोघांनी बसून, वार ठरवून लिहून काढा. पैशांचं गणित तुम्ही बरंचसं सोडवलेलं आहे. हे उत्तर पक्कं करा, मग पुढचं पाऊल टाका.